पादेर्नो ते त्रेत्सो : 'सपाट' म्हणवणारी वाट आणि तिचा खरा उतार

मिलानच्या ईशान्येला अद्दा नदीवर वसलेलं त्रेत्सो सुल'अद्दा हे नोकरदारांचं गाव. सकाळी निम्मं गाव मिलान-बेर्गामो महामार्गावर गाड्यांच्या रांगेत असतं. इथे यायची मुख्य कारणं दोन : पादेर्नोच्या लोखंडी पुलापासून इथवर नदीकाठाने येणारी साधारण 11 किलोमीटरची पायवाट आणि पलीकडच्या तीरावरचं क्रेस्पी द'अद्दा, म्हणजे सूतगिरणीच्या कामगारांसाठी वसवलेलं गाव. माहितीपत्रकं या वाटेला 'सपाट, सहकुटुंब, सायकलस्नेही' म्हणतात. शेवटच्या टप्प्यापुरतं ते खरं आहे. सुरुवातीच्या एक-तृतीयांश हिश्श्याबद्दल मात्र ही शुद्ध थाप आहे.

मिलानच्या पोर्ता गारिबाल्दी स्थानकावरून कार्नातेमार्गे बेर्गामोला जाणारी लोकल पकडा आणि पादेर्नो-रोब्बियातेला उतरा. पाऊण तासाच्या आसपास लागतो. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड बसतो. 'शोपेरो', म्हणजे संप, इथे नेहमीचाच. कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 एवढ्याच वेळेतल्या गाड्यांची हमी असते, सुटीच्या दिवशी तीही नाही.

स्थानकापासून हा लोखंडी पूल, सान मिकेले, चालत जवळच आहे. 1887 ते 1889 या काळात बांधलेला, 266 मीटर लांब, 150 मीटरच्या एकाच कमानीवर तोललेला. वर रस्ता, खाली रेल्वे आणि सगळे जोड रिव्हेटचे. 2018 मध्ये धोकादायक ठरवून तो बंद केला, पुढच्या वर्षी आधी पादचारी आणि मग गाड्या सुरू झाल्या, रेल्वे 2020 मध्ये परतली. डागडुजीची कामं अधूनमधून निघतात, म्हणून निघण्याआधी गाडी पुलापर्यंत जाते की नाही ते बघा. पुलाच्या मध्यापर्यंत जाऊन परत या. पलीकडे कालुस्कोला जाण्यात काही हशील नाही.

आता तो टप्पा. पुलाचा रस्ता पाण्यापासून 80 मीटरहून जास्त उंचीवर आहे आणि ती सगळी उंची पादेर्नोच्या बाजूने एका दमात उतरायची असते. खाली आलं की वाट कालव्याला लागते आणि सगळ्यांना वाटतं, झालं, आता सपाट. इथेच फसगत होते. हा पादेर्नोचा कालवा 1777 मध्ये सुरू झाला, कारण या भागात अद्दा खडकांतून इतकी उसळत जाते की नावा नेता येत नव्हत्या. जेमतेम 2.6 किलोमीटरमध्ये 27-28 मीटरचा उतार, आणि तो सहा जलपाशांमध्ये, म्हणजे नावा वर-खाली नेणाऱ्या दारांच्या टाक्यांमध्ये, वाटलेला. दोन जलपाशांमधलं पाणी सपाट, म्हणून वाटही सपाट. जलपाश आला की पाणी एकदम खाली जातं आणि वाटही तशीच कोसळते. काठावरून नावा ओढणाऱ्या घोड्यांचे खूर घसरू नयेत म्हणून अशा जागी गोटे उभे रोवलेत. ते खुरांना सोयीचे होते, बुटांना नाहीत. रोक्केत्ताच्या देवळाखालचा उतार सर्वांत वाईट. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्यावर ओल्या पानांचा थर बसतो आणि कडेला कठडा सगळीकडे नाही.

ज्यांनी राजगड-तोरणा केलाय त्यांना इथे दम लागणार नाही, पण गुडघे बोलतील. बुटांचा तळ खरबरीत हवा. शहरी स्नीकर घालून येऊ नका. सायकल असेल तर उतरून हातात धरा, ब्रेकवर विसंबू नका. बाबागाडी आणायचा विचारही नको. दिशा पादेर्नोकडून त्रेत्सोकडे, हीच ठेवा; उलट आलात तर पाय थकल्यावर हे सगळं चढावं लागेल. दरड आली की वाट बंद होते. लाल-पांढरी फीत आणि 'ओर्दिनान्झा' (सरकारी हुकूम) लिहिलेला कागद दिसला तर ती ओलांडू नका, सरळ वर पोर्तो द'अद्दा गावात चढा आणि पठारावरून वळसा घ्या. नदीत उतरणं तर अजिबात नको. धरणातून पाणी सोडलं की पातळी अचानक चढते. पाट्या शोभेच्या नाहीत.

याच टप्प्यात त्रे कोर्नी नावाचे सुळके लागतात. लिओनार्दो द विंचीने ते चित्रात वापरले असं ठासून सांगितलं जातं. पुरावा नाही. बघा आणि पुढे चला. त्यापेक्षा बेर्तिनी वीजकेंद्र महत्त्वाचं : 1898 पासून मिलानला वीज इथून गेली.

एस्टेर्ले वीजकेंद्रानंतर वाट खरोखर सपाट होते, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

त्रेत्सोत नदी किल्ल्याच्या खडकाला वळसा घालते आणि त्या वळणाचा फायदा घेत 1906 मध्ये ताक्कानी वीजकेंद्र बांधलं. वास्तुरचनाकार गाएतानो मोरेत्ती. दगड किल्ल्याचाच, 'चेप्पो' : नदीतले गोटे नैसर्गिक चुन्यात घट्ट बसलेले, जवळून पाहिलं तर भिंतीत एकेक गोटा वेगळा मोजता येतो. किल्ला ठरावीक दिवशीच उघडतो, वेळ आधी बघा. बंद असला तरी खालून मिलानचा सत्ताधीश बेर्नाबो विस्कोन्ती याच्या पुलाचा उरलेला बुंधा शोधा. 1370 ते 1377 मध्ये बांधलेल्या या दगडी पुलाची एकच कमान 72 मीटरची होती. 1416 च्या वेढ्यात ती पाडली आणि तेवढी दगडी कमान जगात पुन्हा व्हायला 1903 साल उजाडलं. बेर्नाबो 1385 मध्ये पुतण्याच्या कैदेत याच किल्ल्यात मेला. माझ्या मते हा बुंधा अख्ख्या वाटेवरची सर्वांत मोलाची गोष्ट आहे आणि त्याच्यापुढे थांबतं कोण, जवळपास कोणी नाही.

क्रेस्पी द'अद्दा पूर्वेच्या तीरावर, काप्रियातेच्या हद्दीत. कोन्चेझाजवळच्या पादचारी पुलावरून जाता येतं. सूतगिरणी 1878 ची, गिरणी 2003 मध्ये बंद पडली, युनेस्कोचा दर्जा 1995 चा. लालबाग-परळच्या चाळी मनात धरून जाल तर बुचकळ्यात पडाल : इथे कामगारांना बागेसह सुटी घरं होती, मालकाचा वाडा मात्र किल्ल्यासारखा. हे संग्रहालय नव्हे, लोक राहतात. खिडक्यांतून फोटो काढू नका. गाडी असेल तर वर काप्रियातेत ठेवा. कबरस्तान टोकाला आहे, ते चुकवू नका : मालकांचं मोठं स्मारक आणि समोर कामगारांचे छोटे क्रूस, एका नजरेत सगळी श्रेणी दिसते.

जेवणाबद्दल. दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघरं बंद. बिलात 'कोपेर्तो' (टेबलावर बसण्याचा आकार) म्हणून माणशी दोन-तीन युरो लागतात, ते मेनूत छापलेलं असेल तर वाद घालण्यात अर्थ नाही. छापलेलं नसेल तर नक्की घाला. शाकाहारींनी 'कासोन्चेल्ली' हा भरलेला पास्ता टाळा, आत मांस आणि वर पान्चेत्ता, म्हणजे डुकराचं मांस, तळून टाकलेलं असतं. 'मांस नको' एवढं सांगून पुरत नाही, पान्चेत्ता अनेक जण मांसात धरतच नाहीत. नाव घेऊन नको म्हणा.

परतीला त्रेत्सोत रेल्वे नाही. बस जेस्सातेच्या मेट्रोपर्यंत, तिथून हिरवी लाईन. मिलान शहरापुरतं, 'एमआय 1 ते 3' या भाडे-झोनचं तिकीट त्रेत्सो-जेस्सातेला चालत नाही, आणि मेट्रोतून बाहेर पडतानाही फाटकाला तिकीट लावावं लागतं. त्रेत्सोपासूनचे सगळे झोन धरून तिकीट आधीच तंबाखूच्या दुकानातून किंवा मोबाइलवर घ्या. रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं आणि दुकानंही बंद असतात, म्हणून तिकीट सकाळी मिलानमध्येच काढून खिशात ठेवा.