वस्तीवरच्या घरासाठी शस्त्र परवाना: माझा अनुभव

आमचं घर गावापासून लांब, शेतातल्या वस्तीवर. त्या रात्री तिघं-चौघं मागचं दार पहारीने उचकटत होते आणि आई, बायको, मुलगी मधल्या खोलीत होत्या. कुत्री तुटून पडली, आम्ही आरडाओरडा केला, म्हणून ते पळाले. सकाळी तक्रार दिली आणि त्याच आठवड्यात शस्त्र परवान्याचा अर्ज भरला.

कागदपत्रं बरीच लागली, त्यात शरीर-मनाच्या प्रकृतीचा डॉक्टरी दाखलाही. तक्रारीची प्रत जरूर जोडा. मग चौकशीला जमादार घरी आले. भाऊबंदकीत, बांधावरून काही वाद आहे का, हे त्यांनी तीनदा विचारलं. तेव्हा राग आला. आता वाटतं, विचारलं ते बरंच केलं, कारण वाद होता, चुलत्यांशी. मी तो लपवला नाही.

खरा धक्का प्रशिक्षणात बसला. शिकवणाऱ्यांनी विचारलं, ‘चोर पळत सुटलाय, पाठ तुमच्याकडे. काय कराल?’ मी म्हणालो, ‘झाडेन.’ वर्गात कुणी काही बोललं नाही. ते एवढंच म्हणाले, ‘मग आरोपी तुम्ही.’

घरी येऊन वकिलांना गाठलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 41 नुसार सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घर फोडणाऱ्याविरुद्ध बचावाचा हक्क त्याचा जीव जाण्यापर्यंत पोचू शकतो. मला हे एवढंच ऐकायचं होतं. पण वकिलांनी कलम 37 पुढे केलं: बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्कच उरत नाही. पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालून मी कुणाला वाचवणार होतो? त्या रात्री मला झोप लागली नाही.

परवाना मिळाला. 2019 च्या दुरुस्तीपासून त्याची मुदत 5 वर्षं असते. बारा बोअरची बंदूक घेतली. ती कुलुपात असते, काडतुसं वेगळ्या कपाटात, दोन्ही किल्ल्या माझ्याकडे. मुलगी आठ वर्षांची आहे, म्हणून यात मी कुणाचंच ऐकत नाही.

निवडणुकीच्या आचारसंहितेत नोटीस आली, बंदूक ठाण्यात जमा केली. घरात हत्यार नाही म्हटल्यावर मागच्या दाराला लोखंडी जाळी लावली, अंगणात दिवा बसवला. दार उचकटलं त्याच आठवड्यात हे व्हायला हवं होतं.