"आम्ही काहीच बदललेलं नाही": स्कॅनरच्या कर्नलचा सोर्स मिळवतानाचा माझा अनुभव

"सर, आमचं स्टँडर्ड अँड्रॉइड आहे. आम्ही त्यात काहीच बदललेलं नाही, त्यामुळे द्यायला वेगळा सोर्स नाही." कर्नलचा (अँड्रॉइडच्या तळाशी असलेल्या लिनक्सच्या गाभ्याचा) सोर्स, म्हणजे मूळ कोड, मागितल्यावर स्कॅनर बनवणाऱ्या कंपनीने दिलेलं हे उत्तर आजही आठवलं की डोकं फिरतं.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं आयटी मी सांभाळतो. गोडाऊनमध्ये कार्टन मोजायला अँड्रॉइडवर चालणारे हातातले बारकोड स्कॅनर आहेत. एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये गेलं की त्यांचं वाय-फाय तुटायचं आणि लवकर जोडलंच जायचं नाही. कंटेनर दारात उभा, पोरं स्कॅनर हातात धरून ताटकळत. ॲक्सेस पॉइंट बदलले, चॅनेल बदलले, काही फरक नाही. लॉग बघितल्यावर बोट वाय-फायच्या ड्रायव्हरकडेच, म्हणजे वाय-फायची चिप चालवणाऱ्या कर्नलमधल्या कोडकडे, जात होतं, आणि त्या मॉडेलचे अपडेट कंपनीने बंद करून टाकले होते. आता ड्रायव्हर आपणच दुरुस्त करायचा तर कर्नलचा सोर्स हवा.

तो मागणं म्हणजे मेहेरबानी मागणं नव्हे. अँड्रॉइड ज्यावर चालतं तो लिनक्स कर्नल जीपीएल आवृत्ती २ या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली येतो. त्याचं कलम ३ सांगतं की तयार प्रोग्राम दुसऱ्याला देणाऱ्याने सोर्स सोबत द्यावा, नाहीतर किमान तीन वर्षं लागू राहील असं सोर्स देण्याचं लेखी आश्वासन द्यावं. आमच्या स्कॅनरच्या खोक्यातल्या बारीक अक्षरांच्या पत्रकात ते आश्वासन छापलेलं होतं.

कस्टमर केअरच्या मुलीला 'ओपन सोर्स' हा प्रकारच ठाऊक नव्हता; ती पुन्हा पुन्हा मशीन सर्व्हिस सेंटरला आणायला सांगत होती. ऑनलाइन फॉर्ममध्ये तक्रारीचे प्रकार होते स्क्रीन, बॅटरी, चार्जिंग आणि इतर. 'इतर' निवडून सगळं सविस्तर लिहिलं की तिकीट आपोआप बंद व्हायचं, आणि वर "तुमच्या समस्येचं निराकरण झालं आहे" असा मेसेज. मग कुणीतरी गोपनीयतेचा करार पाठवला: आधी सही करा, मग बघू. मी सही केली नाही, तुम्हीही करू नका. हा परवाना सोर्स पुढे वाटायचा हक्क देतो आणि त्यावर जादा बंधनं घालायला मनाई करतो. सही नाकारल्यावर ते "काहीच बदललेलं नाही" आलं.

हे मला सहन झालं नाही, कारण पुरावा माझ्या हातातच होता. सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीत कर्नल व्हर्जन बघा. आमच्याकडे ४.१९ च्या पुढे कंपनीचं स्वतःचं नाव जोडलेलं होतं. आणि बाजूचं पिवळं स्कॅन बटण दाबलं की लाल रेघ उमटते, ती मूळ लिनक्समध्ये येणार कुठून? कुणीतरी ड्रायव्हर लिहिला असणारच.

मोठ्या कंपन्या लिनक्स जशीच्या तशी वापरतात, असं आमच्या मालकांनाही वाटत होतं. तसं नसतं. गूगलमध्ये कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर आधी उबुंटू या तयार लिनक्सवरून केलेलं गूबुंटू होतं, पुढे डेबियन या दुसऱ्या लिनक्सवर आधारित जीलिनक्स आलं. सर्व्हरवरचा कर्नलही त्यांचा स्वतःचा. आज सॉफ्टवेअरचे कंटेनर (एकाच मशीनवर प्रोग्राम वेगवेगळे ठेवून चालवायची पद्धत) ज्यावर उभे आहेत त्या सीग्रुप्सचं, म्हणजे प्रोग्रामच्या गटांना मेमरी आणि प्रोसेसर वाटून देणाऱ्या सोयीचं, काम २००६ मध्ये गूगलच्याच इंजिनिअरांनी सुरू केलं आणि २००८ मध्ये ते मूळ लिनक्समध्ये आलं. ॲमेझॉनची स्वतःची लिनक्स आहे, मायक्रोसॉफ्टचीही आहे. नेटफ्लिक्सचे व्हिडिओ पाठवणारे सर्व्हर फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्याच दुसऱ्या मुक्त सिस्टिमवर चालतात आणि त्यातल्या बऱ्याच सुधारणा ते मूळ प्रकल्पाला परत देतात. सोनीने प्लेस्टेशन ४ ची सिस्टिमही फ्रीबीएसडीवरूनच बनवली, पण फ्रीबीएसडीचा परवाना बदल उघड करायला लावत नाही. गूगल आपल्याच सर्व्हरवर बदललेला कर्नल बाहेर कुणाला देत नाही, म्हणून तो मागायचा हक्क आपल्याला पोचत नाही. स्कॅनर मात्र आम्ही पैसे मोजून विकत घेतलेत, कर्नल त्यांच्यासोबत आमच्या गोडाऊनमध्ये आलाय.

शेवटी हेच सगळं कागदावर लिहिलं आणि रजिस्टर्ड पोस्टाने थेट त्यांच्या कायदा विभागाला पाठवलं. सोबत बिलाची प्रत, सीरियल नंबर, कर्नल व्हर्जनच्या पडद्याचा फोटो आणि त्यांच्याच पत्रकातली ती ओळ अधोरेखित करून. जिथे महिनोन्‌महिने दाद नव्हती तिथून डाउनलोडची लिंक आली. पण त्यात बिल्डची (सोर्सवरून चालणारा कर्नल तयार करण्याची) कॉन्फिगरेशन फाईल नव्हती, आणि स्कॅन बटणाच्या ड्रायव्हरचा फोल्डर रिकामा! सोर्स म्हणजे बिल्ड करायला लागणाऱ्या स्क्रिप्टसकट सगळं, हेही त्याच कलमात आहे. पुन्हा पत्र धाडलं, तेव्हा कुठे पुरतं मिळालं.

मूळ ४.१९ शी ताडून पाहिलं तर बदललेल्या फाइलींची यादी पडदाभर सरकतच राहिली. वाय-फायच्या ड्रायव्हरमध्ये बॅटरी वाचवायला त्यांनी सिग्नल शोधण्यातलं वेळेचं अंतर फार वाढवून ठेवलं होतं. एक आकडा. तो कमी केला, कर्नल बिल्ड केला, एका स्कॅनरवर चालवून पाहिला, मग सगळ्यांवर घातला. आमच्या मॉडेलचा बूटलोडर (मशीन सुरू होताना कर्नल चढवणारा प्रोग्राम) उघडत होता, म्हणजे आपला कर्नल घालू देत होता, म्हणून हे जमलं. तुमचा उघडतो का ते आधी तपासा, कारण सोर्स मिळाला म्हणजे बूटलोडर उघडेलच असं नाही. आता पोरं या शेडमधून त्या शेडमध्ये न थांबता स्कॅन करत जातात, आणि ते बघताना मला खरंच अभिमान वाटतो.

मागताना "अख्ख्या अँड्रॉइडचा सोर्स द्या" असं लिहू नका. कर्नलच्या वरचा बराचसा भाग अपाची या वेगळ्या, सैल परवान्याखाली आहे आणि तो देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही; तेवढंच निमित्त धरून सगळा अर्ज फेटाळतात. कर्नल आणि जीपीएलखालचे भाग, एवढंच नेमकं लिहा. खोक्यातलं पत्रक जपून ठेवा. आमचं खरेदी विभागाच्या फाईलमध्ये होतं म्हणून वाचलो. नवे स्कॅनर घेताना आम्ही आता कोटेशनच्या वेळीच कर्नलच्या सोर्सची लिंक मागतो, आणि ती उघडून, बिल्ड करून पाहिल्याशिवाय ऑर्डर देत नाही.