शेणखताच्या ढिगावर हिरवी झाक

आज सांवेरला शेतावर गेले आणि आंब्याखालच्या शेणखतावरचं ओलं गोणपाट उचललं. आठवा दिवस. आधी ढेकळांवर पांढरा कापूस दिसत होता, आज त्यावर हिरवी झाक चढली आहे. ही आमची ट्रायकोडर्मा, पिकाला रोग लावणाऱ्या बुरशीवर जगणारी उपयोगी बुरशी. इंदुरात रामबागेत घरी परतेपर्यंत मी त्याच आनंदात होते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या डॉलर चन्याला, म्हणजे टपोऱ्या काबुली हरभऱ्याला, मर रोग लागला. इकडे त्याला उकठा म्हणतात. दादांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एक रोप उपटून त्याचं मूळ उभं चिरून दाखवलं. आत काळपट तपकिरी रेघ होती. फ्युजेरियम नावाची बुरशी मुळातून शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्याच बंद करते. जमिनीत ओल असूनही झाड सुकतं. शिवाय हरभरा पेरला नाही तरी ती मातीत सहा-सहा वर्षं तग धरते, म्हणजे एखादं वर्ष पीक बदलून ती जात नाही.

गेल्या वर्षी मी ट्रायकोडर्मा आणली, पण कार्बेन्डाझिम चोळलेल्या बियाण्यालाच लावली. बुरशी मारणारं औषध आपल्या बुरशीलाही मारणार, हे तेव्हा सुचलंच नाही. पाकीटही दुकानात उन्हात पडलेलं, मुदत संपत आलेली. फार हळहळ वाटली. ही जिवंत वस्तू आहे, खताच्या गोणीसारखी ठेवून चालत नाही.

यंदा पाकिटावरची तारीख पाहून घेतली. शंभर किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात एक किलो मिसळली, पाणी शिंपडून सावलीत झाकली. ताजं शेण अजिबात नको, ते तापतं. पेरणीआधी हे खत ओल्या जमिनीत जाईल. बियाण्यालाही किलोमागे पाच ग्रॅम, गुळाच्या पाण्याचा हात देऊन. मग सावलीत सुकवून लगेच पेरायचं.

मातीत ती रोगाच्या बुरशीच्या तंतूंना वेलासारखी वेढते, त्यांची भिंत विरघळवते आणि त्यांच्यावरच जगते. रिचर्ड वाइंडलिंग या शास्त्रज्ञांनी १९३२ साली हे लिहून ठेवलं. त्याच्या थोडंच आधी, १९२४ ते १९३१ या काळात, इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आपल्या इंदुरात कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवत होते. ढिगाजवळ उभी राहिले की मला ते हमखास आठवतं.

बटाईदारानं विचारलं, “भाभीजी, सूखे पौधे पे डालें तो?” नाही. लागलेलं झाड ती वाचवत नाही. रोगाच्या आधी मुळांपाशी तिची वस्ती झालेली असली पाहिजे, म्हणून तर ही आत्ताची धावपळ.

उद्या ढीग खालवर करायचा आहे. पाणी किती घालू, विचारलं तर दादा म्हणाले, मूठ आवळली की लाडू व्हावा, पण बोटांतून थेंब गळू नये.