काईल फील्डवर उभं राहायला शिकले

फुटबॉल मला नवा नव्हता. मी कोल्हापूरची. बाबांचं बोट धरून शाहू स्टेडियमवर जात मोठी झाले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस ही नावं मला शाळेतल्या कवितांच्या आधी पाठ झाली होती. तालमीचा संघ म्हणजे घरचा माणूस. मॅच बघून आल्यावर घसा बसला नसेल तर मॅच बघितलीच कशाला, असं बाबांचं म्हणणं. त्यामुळे ऑगस्ट २०२४ मध्ये एम.एस.साठी टेक्सस ए अँड एम युनिव्हर्सिटीत आले आणि डिपार्टमेंटमधली सोलापूरची ताई म्हणाली, "स्पोर्ट्स पास घेऊन टाक," तेव्हा मी दुसरा विचार केला नाही. इथला फुटबॉल वेगळा, हे माहीत होतं. दोन संध्याकाळी व्हिडिओ बघून नियमही समजून घेतले. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, जमलं तर परत चार प्रयत्न, नाही तर शेवटी चेंडू समोरच्याला. एवढ्यावर मॅच बघता येते.

गर्दीचे नियम मात्र कुठं लिहिलेले सापडले नाहीत. ते अंगात यायला मला ऑगस्ट ते नोव्हेंबर असा अख्खा सीझन लागला.

पहिली मॅच ३१ ऑगस्टला, नोटर डेम युनिव्हर्सिटीशी. मी केशरी कुर्ता घालून निघाले. ताईनं दारातच थांबवलं. "अगं, हा रंग नको. बाकी कुठलाही घाल." युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सस हा इथला जुना प्रतिस्पर्धी, आणि त्यांचा रंग विटकरी केशरी. माझ्या मनात केशरी म्हणजे शिवजयंतीची मिरवणूक. वाईट वाटलं, पण तालमीच्या गावची असल्यामुळे रंगाचं महत्त्व मला कुणी समजावून सांगायला नको होतं. तिचा मरून टी-शर्ट घातला. गेटवर कापडी पर्स आत नेता येईना, पारदर्शक पिशवीच लागते. परत गाडीपर्यंत चालत जाऊन पर्स ठेवून आले, तोवर टेक्ससच्या उन्हानं जीव नको झाला होता.

आत गेल्यावर मात्र सगळं विसरले. काईल फील्ड या आमच्या स्टेडियमची आसनक्षमता १,०२,७३३ आहे. हा आकडा वाचणं वेगळं आणि त्या वाटीच्या तळाशी उभं राहून वर बघणं वेगळं.

दमले होते म्हणून मी बाकावर बसले. शेजारच्या मुलीनं हळूच खांद्याला हात लावला आणि म्हणाली, "बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, बरी आहे. तेव्हा तिनं आजूबाजूला बोट फिरवलं. विद्यार्थ्यांच्या त्या अख्ख्या बाजूला एकही माणूस बसलेला नव्हता. इथं विद्यार्थी मॅच संपेपर्यंत उभे असतात. तीन-साडेतीन तास, कधी जास्त.

त्यामागची गोष्ट तिनंच सांगितली, नंतर मी स्टेडियमबाहेरचा पुतळाही बघून आले. २ जानेवारी १९२२, डॅलसमध्ये सेंटर कॉलेजशी मॅच. ए अँड एमचे खेळाडू एकामागून एक जखमी होत होते. ई. किंग गिल नावाचा मुलगा आधी संघात होता, पण बास्केटबॉलसाठी फुटबॉल सोडून तो त्या दिवशी वर पत्रकारांना खेळाडू ओळखून द्यायला बसला होता. प्रशिक्षक डॅना बायबल यांनी त्याला खाली बोलावलं. जखमी गड्याचा गणवेश चढवून तो कडेला उभा राहिला. मॅच २२-१४ अशी जिंकली, त्याला मैदानात उतरावं लागलं नाही. पण शेवटी कडेला तयार असलेला तो एकटाच उरला होता. म्हणून तो बारावा गडी. क्रिकेटमुळे आपल्याला बारावा गडी म्हटलं की पाणी घेऊन धावणारा मुलगा आठवतो. इथं विद्यार्थ्यांचा अख्खा समुदाय बारावा गडी आहे, आणि उभं राहणं म्हणजे "हाक मारा, आलोच" असं सांगणं. हे कळल्यावर पाय दुखायचे थांबले नाहीत, पण त्या दुखण्याचं काही वाटेना.

त्याच मॅचमध्ये मी आणखी एक चूक केली. आपल्या संघाकडे चेंडू आला की मी ओरडत होते. शाहू स्टेडियमवर तसंच असतं, आपला गडी पुढं निघाला की आवाज चढत जातो. इथं उलटं आहे. आपल्याकडे चेंडू असताना गप्प राहायचं, कारण आपल्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन चाल ठरवणाऱ्या गड्याच्या, हाका त्याच्या गड्यांना ऐकू गेल्या पाहिजेत. आवाज करायचा तो समोरच्यांकडे चेंडू असताना, त्यातही तिसऱ्या प्रयत्नाला तर छप्पर फाडून. एक लाख माणसांचं ते एकदम गप्प होणं मला त्या आवाजापेक्षा मोठं वाटतं. शिस्त म्हणजे काय, ते त्या दोन-चार सेकंदांत दिसतं.

आम्ही २३-१३ नं हरलो. मी निघायला वळले, तर कुणी जागचं हलेना. खाली मैदानावरच्या पांढऱ्या कपड्यांतल्या पाच मुलांनी हात वर केले आणि सगळ्यांनी पुढच्या मॅचच्या घोषणांचा सराव सुरू केला. हरल्यावर! हे पाच जण म्हणजे येल लीडर. येल म्हणजे घोषणा. तीन शेवटच्या वर्षाचे, दोन त्याच्या आदल्या वर्षाचे, विद्यार्थ्यांनी मतदानानं निवडलेले. इथं चीअरलीडर नाहीत. या पाच जणांनी हातांनी खूण करायची, ती पायरीपायरीनं वरपर्यंत सगळ्यांनी करत न्यायची, आणि मग एकदम घोषणा.

मला एकही खूण कळत नव्हती. एकटीच हात खाली सोडून उभी होते. त्या रात्री घरी चालत येताना मनातून फार खट्टू झाले.

पुढच्या शनिवारी, ७ सप्टेंबरला, गणेश चतुर्थी होती. त्या दिवशीही काईल फील्डवर मॅच होती, पण मी गेले नाही. ताईच्या अपार्टमेंटमध्ये गणपती होता. संध्याकाळच्या आरतीला माझ्या लॅबमधला एक मुलगा आला, अंगात मरून शर्ट तसाच. त्याच्या घरातली ही तिसरी पिढी या युनिव्हर्सिटीत शिकतेय. आरती सुरू झाली. त्याला एक अक्षर येत नव्हतं. पण तो आमच्या हातांकडे बघत होता. आम्ही टाळी वाजवली की त्याची टाळी अर्धा क्षण मागून यायची. दुसऱ्या कडव्याला ती बरोबर पडायला लागली. ताटावरून हात फिरवून डोळ्यांना लावले, तर त्यानंही लावले. शेवटी "मोरया" त्यानं सगळ्यांच्या बरोबरीनं म्हटलं, आणि मोठ्यानं म्हटलं.

मी त्याच्याकडे बघत राहिले. आपणही असेच शिकलो की. आरतीचे अर्धे शब्द चुकीचे म्हणत आपण मोठे होतो, पण टाळीचा ठेका कुणाचा चुकत नाही. शब्द मागून येतात. मी शब्दांचा कागद छापून पाठ करत बसले होते, तिथंच माझं चुकत होतं.

प्रसाद खाताना त्याला म्हटलं, "मला तुमच्या खुणा शिकव." त्यानं ताईच्या स्वयंपाकघरातच शिकवल्या. दोन्ही मुठी छातीसमोर एकमेकींभोवती गोल फिरवल्या, की "फार्मर्स फाईट". हे "फार्मर्स" कुठून आलं? १८७६ साली हे कॉलेज सुरू झालं ते शेती आणि यंत्रविद्या शिकवायला, ए अँड एममधलं पहिलं अक्षर शेतीचं. शेतकऱ्यांनो लढा, अशी घोषणा लाख माणसं देतात, हे ऐकून मला आमचा उसाचा फड आठवला. ती खूण मला पुन्हा शिकवावी लागली नाही. अंगठा वर म्हणजे "गिग एम", ही इथली नेहमीची घोषणा. आणि घोषणा देताना ताठ उभं राहायचं नाही, गुडघ्यांच्या वर हात टेकून कमरेतून पुढं वाकायचं. मी करून बघितलं. आवाज घशातून न येता पोटातून येतो. बाबांना हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

तिकिटांचं तेवढं सांगते, कारण नव्या मुलांचा गोंधळ तिथंच होतो. त्या सीझनला नुसता पास असून भागत नव्हतं, प्रत्येक मॅचच्या आठवड्यात रांगेत उभं राहून जागा घ्यावी लागायची. सोमवारी शेवटच्या वर्षाचे आणि आम्ही पदव्युत्तर, मग दिवसागणिक खालची वर्षं, गुरुवारी पहिल्या वर्षाची मुलं. ग्रुपमधल्या एकानं इतरांचे पास घेऊन सगळ्यांच्या जागा शेजारीशेजारी घ्यायच्या. एलएसयूच्या, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या, मॅचसाठी आम्ही रविवारी रात्रीच स्टेडियमबाहेर पथाऱ्या टाकल्या. ताईनं थर्मासमधून चहा आणला होता. पहाटे साडेपाचला ओळखदेख नसलेल्या मुलामुलींनी एकमेकांना चहा दिला, त्या ओळखी अजून टिकून आहेत.

शुक्रवारी रात्री बारा वाजता मिडनाइट येल. घरच्या मॅचच्या आदल्या रात्री हजारो माणसं काईल फील्डवर जमतात आणि उद्याच्या घोषणांची तालीम करतात. १९३१ पासून हे चालू आहे. मी त्याला तालीमच म्हणते, दोन्ही अर्थांनी. बँड वाजत येतो, पुढं येल लीडर मशाली घेऊन. मग समोरच्या संघाला आपण कसं हरवणार त्याच्या रंगवलेल्या गोष्टी, मग घोषणा, मग गाणं, शेवटी दिवे मालवतात आणि ज्यांची जोडी आहे ते एकमेकांचं चुंबन घेतात. ज्यांची नाही ते अंधारात मोबाइलचा उजेड वर धरतात. मी ताईचा हात धरून उभी होते आणि वर बघत होते, हजारभर काजवे चमकत होते.

तिथंच "ॲगी वॉर हिम" हे इथलं गाणं मी पहिल्यांदा पूर्ण म्हटलं. ॲगी म्हणजे ए अँड एमची मुलं. १९१८ मध्ये पिंकी विल्सन नावाच्या इथल्याच विद्यार्थ्यानं ते लिहिलं. पहिल्या महायुद्धानंतर तो जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या काठी पहाऱ्यावर होता, आणि घरून आलेल्या पत्राच्या पाठीवर त्यानं हे शब्द उतरवले असं सांगतात. घरापासून लांब असलेल्या मुलानं लिहिलेलं गाणं आहे, हे कळल्यापासून मला ते परकं वाटलं नाही. सुरुवातीचे शब्द निरर्थक आहेत, नुसता नाद. शेवटी युनिव्हर्सिटी ऑफ टेक्ससच्या बैलाची, म्हणजे त्यांच्या संघाच्या चिन्हाची, शिंगं कापण्याचा भाग येतो. मॅच कुणाशीही असो, तो म्हणतातच. तेव्हा सगळ्यांनी शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकायचे, पायाला पाय लावायचा आणि करवत चालल्यासारखं डावीउजवीकडे झुलायचं. हे एकट्याला येतच नाही. तुमचं अंग शेजारचे दोघे हलवतात, तुम्ही फक्त अडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी, २६ ऑक्टोबरला, एलएसयूशी मॅच. मध्यंतराला आम्ही १७-७ नं मागं होतो. नंतर क्वार्टरबॅक बदलला, मार्सेल रीड आला आणि मॅच फिरली. ३८-२३ नं जिंकलो. तिसऱ्या प्रयत्नाला समोरच्यांचा गोंधळ उडायचा तेव्हा वाटायचं, हे आपण केलं. मी, ताई, पहाटे चहा प्यालेली ती सगळी. पांढरे टॉवेल हवेत गरागरा फिरत होते. वरच्या मजल्यावर झुलताना पायाखालचं काँक्रीट हलतंय असं मला स्पष्ट जाणवलं. आधी पोटात गोळा आला, मग शेजारच्या मुलानं खांदा घट्ट धरला आणि भीती गेली.

आणि मग ३० नोव्हेंबर. युनिव्हर्सिटी ऑफ टेक्ससशी मॅच, २०११ नंतर पहिल्यांदा. तिकिटांच्या रांगेत तंबू कितीतरी दिवस आधीच लागले होते. इतकी वर्षं शिंगं कापायचं गाणं म्हणत होतो, पण समोर बैलवाले नव्हते. आज ते होते. मॅच आम्ही १७-७ नं हरलो, आणि त्याचं दुःख अजून आहे, ते मी लपवणार नाही. पण मला सांगायचंय ते मॅच सुरू व्हायच्या आधीचं.

आमचे संध्याकाळचे सहा-साडेसहा म्हणजे कोल्हापुरात रविवारची पहाट. बाबा रानात जायला उठलेले असतात. फोन दोनदा लागला नाही, एवढ्या गर्दीत नेटवर्क कुठलं. तिसऱ्यांदा लागला. मी त्यांना स्टेडियम दाखवलं. तेवढ्यात बँडनं सूर धरला आणि डावीकडून, उजवीकडून हात माझ्या खांद्यावर आले. फोन धरायला हात उरला नाही. तो तसाच चालू ठेवून खिशात टाकला आणि गाणं पूर्ण म्हटलं, झुलणं संपेपर्यंत.

नंतर फोन कानाला लावला. बाबा होते अजून.

"दिसलं काय न्हाई, पर आवाज आला," ते म्हणाले. "किती माणूस हाय?"

"लाखाच्या वर."

"आनि सगळ्यास्नी पाठ हाय?"

"हो."

"तुला?"

"मला पण, बाबा."