स्टॉकहोम आणि तुर्कूच्या बालवाड्या बघायला निघण्याआधी

आधी पैशांचं सांगते, कारण राग अजून गेलेला नाही. फिनलंडमधल्या तुर्कूतल्या एका बालवाडीच्या ‘अभ्यासभेटी’साठी, ती जुळवून देणाऱ्या आमच्या मध्यस्थाने माणशी दीडशे युरो घेतले. मिळालं काय, तर एका हॉलमध्ये पाऊण तास स्लाइड आणि मग वर्गात एक चक्कर. वर्ग रिकामा! मुलं बाहेर चिखलात खेळत होती. तिथे ती रोजच बाहेर असतात, पाऊस असो की बर्फ. मध्यस्थाला दिनक्रम माहीत नव्हता, किंवा माहीत असून त्याला फिकीर नव्हती. त्यात स्टॉकहोमहून रात्री निघालेली बोट सकाळी सातच्या सुमारास तुर्कूला लागते आणि फिनलंडचं घड्याळ स्वीडनच्या एक तास पुढे, म्हणजे तेवढी झोप कमी. बोटीतून उतरलात त्या दिवशी एकही भेट ठेवू नका. बोट, बेटं वगैरे छान आहे, ते तुमचं तुम्हाला दिसेलच.

निघताना आम्हाला सांगितलं होतं, ‘फिनलंडला अभ्यासक्रमच नाही, मुलं नुसती खेळतात.’ साफ खोटं. राष्ट्रीय अभ्यासक्रम आहे, २०१६च्या आवृत्तीपासून तो बंधनकारक आहे, पुढे २०१८ आणि २०२२ मध्ये सुधारलाही. स्वीडनचा पहिला १९९८चा, नंतरची नवी आवृत्ती जुलै २०१९ पासून लागू झाली. दोन्ही इंग्रजीत मिळतात. ते वाचल्याशिवाय विमानात बसू नका, कारण नुसतं बघून दोन्ही देश सारखेच वाटतात: तेच खेळ, तेच वॉटरप्रूफ कपडे, अक्षरं गिरवून घेणं कुठेच नाही.

फरक कागदात आहे. स्वीडनमधली उद्दिष्टं बालवाडीसाठी असतात. अमुक वयात मुलाला अमुक यायलाच हवं, असं त्यात नाही. ताई मुलांचं बोलणं, चित्रं, फोटो नोंदवून ठेवतात, ते मुलांना गुण द्यायला नव्हे, स्वतःचं काम तपासायला. फिनलंडमध्ये बालवाडीतल्या प्रत्येक मुलाची स्वतंत्र योजना कायद्यानेच करावी लागते, पालकांना सोबत घेऊन, आणि वर्षातून निदान एकदा ती पुन्हा बघावी लागते. त्यातलीही उद्दिष्टं मोठ्यांनी काय करायचं याचीच असतात. ती योजना कशी भरतात हे विचारा. कोरा नमुना मागा, मुलाचं नाव असलेला कागद कुणी दाखवणार नाही आणि दाखवूही नये.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते संख्येचं. फिनलंडमध्ये तीन वर्षांवरच्या सात मुलांमागे एक आणि तीनच्या आतल्या चार मुलांमागे एक प्रशिक्षित मोठं माणूस, हे नियमात लिहिलेलं आहे. स्वीडनमध्ये गट किती मोठा असावा याचं फक्त मार्गदर्शन आहे: एक ते तीन वयाला सहा ते बारा मुलं, चार-पाच वयाला नऊ ते पंधरा. ते पाळायलाच हवं असं नाही. माझ्या मते इथे फिनलंड सरळ पुढे आहे, आणि एकाच देशाला वेळ असेल तर तिथेच जा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं कोसबाडच्या आदिवासी मुलांच्या बालवाड्यांचं काम वाचलेल्यांना मोकळ्यावरच्या शिक्षणाचं नवल वाटणार नाही. पण एका ताईकडे चारच मुलं हे बघून मला भरून आलं. आपल्या अंगणवाडीत हे कधी होणार?

सहा वर्षांची मुलं स्टॉकहोमच्या बालवाडीत शोधू नका. त्यांचा वर्ग शाळेत भरतो आणि २०१८च्या शरद सत्रापासून तो सक्तीचा आहे, त्यामुळे शाळेची वेगळी परवानगी लागते. फिनलंडमध्ये सहाव्या वर्षीचं पूर्वशिक्षण ऑगस्ट २०१५ पासून सक्तीचं आहे. वर्षाला किमान ७०० तास, विनाशुल्क, आणि त्याचा अभ्यासक्रमही वेगळा. ते कधी बालवाडीत चालतं, कधी शाळेत; आधी विचारून घ्या.

मध्यस्थ घेऊच नका. आमच्यातल्या एकीने स्टॉकहोमच्या पालिकेला थेट ईमेल केला, तिला फुकट आणि पूर्ण सकाळ मिळाली. तीन महिने आधी लिहा, सकाळचीच वेळ मागा (जेवणानंतर लहानगी झोपतात) आणि मुलांसोबत बाहेर उभं राहायची तयारी ठेवा. फोन पिशवीतच राहू द्या. जूनअखेर ते ऑगस्टचा पहिला आठवडा अजिबात जाऊ नका, बऱ्याच बालवाड्या तेव्हा बंद असतात.