केव्हीएम घ्यायला गेलो आणि निम्माच घेऊन आलो

पुण्याच्या कंपनीचं काम मी सांगलीतूनच करतो. विश्रामबागेत घर, वरच्या खोलीत चार फुटी टेबल आणि त्यावर दोन मॉनिटर. एक 27 इंची, 1440पी म्हणजे फुल एचडीच्या वरचा, 144 हर्ट्झचा म्हणजे सेकंदाला 144 वेळा चित्र बदलणारा, गेमसाठी घेतलेला (घरी सांगताना "डोळ्यांना त्रास कमी होतो" म्हणून सांगितलं), आणि दुसरा जुना 24 इंची, साधा फुल एचडी. टेबलाखाली गेमिंगचा पीसी, टेबलावर कंपनीचा लॅपटॉप. रोज संध्याकाळी सात वाजले की लॅपटॉपच्या वायरी उपसायच्या, पीसीच्या खुपसायच्या, सकाळी परत उलटं. असं वर्षभर केल्यावर लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट ढिला झाला, वायरीला जरा धक्का लागला की स्क्रीन काळी. तेव्हा म्हटलं बास आता, केव्हीएम घेऊया.

केव्हीएम म्हणजे कीबोर्ड, व्हिडिओ, माऊस. मध्ये एक डबा, बटण दाबलं की तिन्ही गोष्टी ह्या कॉम्प्युटरवरनं त्या कॉम्प्युटरवर. ऐकायला एकदम सोपं.

मी घाईघाईत 1800 रुपयांचा एक घेतला, एका मॉनिटरचा, डब्यावर मोठ्या अक्षरात '4के'. आता 4के म्हणजे 1440पी पेक्षा जास्तच की, मग काय प्रॉब्लेम, असा आमचा हिशोब. जोडला, गेम लावला, आणि माऊस गुळाच्या काकवीतनं फिरवल्यासारखा. सेटिंग उघडून बघतो तर 144 चा ऑप्शनच गायब, 60 वर अडकलाय. मग डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचली, 4के होतं पण 30 हर्ट्झला! म्हणजे आत एचडीएमआय 1.4, त्याची झेप सेकंदाला 10.2 गिगाबिटची, आणि 1440पी 144 ला साधारण 14 लागतात. एचडीएमआय 2.0 म्हणजे 18 वाला किंवा डिस्प्लेपोर्ट (एचडीएमआयसारखाच व्हिडिओचा दुसरा पोर्ट) 1.2 किंवा त्याच्या पुढचा असता तर चाललं असतं. त्यामुळं डब्यावरचं '4के' बघूच नका, त्याच्यापुढं किती हर्ट्झ लिहिलंय ते बघा, आणि लिहिलंच नसेल तर खाली ठेवून द्या.

दुसरी कटकट कामाच्या वेळची. बटण दाबून मॉनिटर पीसीला दिला की लॅपटॉपला वाटायचं मॉनिटर कुणीतरी काढूनच नेला, की लगेच एक्सेल, ब्राउझर, चॅट सगळं त्याच्या 14 इंची स्क्रीनवर एकावर एक, एसटीत घुसल्यासारखं. मॉनिटर कॉम्प्युटरला स्वतःची ओळख सांगत असतो, मी अमुक साइजचा, मला इतके हर्ट्झ चालतात, त्याला ईडीआयडी म्हणतात. चांगला केव्हीएम ही ओळख धरून ठेवतो, स्वस्तातला सोडून देतो. शिवाय माझ्या गेमिंग माऊसची बाजूची दोन बटणं त्या डब्यातनं गेली की मेलेली. आणि कीबोर्डवरनं कॉम्प्युटर बदलायची हॉटकी काय, तर स्क्रोल लॉक दोनदा दाबा. माझ्या छोट्या कीबोर्डवर स्क्रोल लॉक नाहीच!

वळवाच्या पावसात अजून एक कळलं. लाईट गेली, पीसी यूपीएसवर चालू, मॉनिटर चालू, पण स्क्रीन काळी आणि कीबोर्ड गप्प, कारण डब्याचा अडॅप्टर साध्या बोर्डात होता. अडॅप्टरवाला घेणार असाल तर तोही यूपीएसला लावा.

मग दोन मॉनिटरचा, डिस्प्लेपोर्ट 1.4 वाला, ईडीआयडी धरून ठेवणारा शोधला. किंमत माझ्या मॉनिटरपेक्षा जास्त. आणि वायरी मोजल्या, प्रत्येक कॉम्प्युटरकडनं दोन व्हिडिओच्या नि एक यूएसबीची अशा सहा, मॉनिटरकडं दोन, झाल्या आठ. त्यातून लॅपटॉपलाही दोन व्हिडिओ बाहेर काढायला पाहिजेत, आणि टाइप-सी असलं म्हणजे त्यातनं व्हिडिओ निघतोच असं नाही. आई झाडू घेऊन आली की आधीच टेबलाखाली बघून कपाळाला हात लावते. ते रद्द.

शेवटी मिरजेच्या मित्राबरोबर भडंग खात बोलत होतो तर तो म्हणाला, "येड्या, तुझ्या मोठ्या मॉनिटरला इनपुट किती आहेत?" तीन. म्हणजे व्हिडिओ बदलायचं काम मॉनिटर स्वतःच करतोय की, मध्ये डबा कशाला! आता 27 इंचीला पीसी डिस्प्लेपोर्टनं सरळ, लॅपटॉप एचडीएमआयनं सरळ, 144 पण मिळतं आणि फ्रीसिंक पण (गेमचं चित्र मध्येच फाटल्यासारखं दिसू नये म्हणून असते ती सोय). कीबोर्ड-माऊससाठी फक्त यूएसबी स्विच घेतला, चार पोर्टचा, 1500 ला. बाजूची बटणं पण चालायला लागली कारण हा स्विच मध्ये शहाणपणा करत नाही, नुसती लाईन बदलतो. आणि तो जुना 1800 चा डबा 24 इंचीला लावलाय, फुल एचडी 60 ला तो बेस्ट आहे, पैसे अगदीच पाण्यात गेले नाहीत.

मॉनिटरचं इनपुट सॉफ्टवेअरनं पण बदलता येतं, डीडीसी म्हणून सोय असते, यूएसबी स्विच दाबला की इनपुट आपोआप बदलेल असं फुकटचं सॉफ्टवेअर मिळतं. पीसीवर टाकलं, मस्त चालतंय. लॅपटॉपवर कंपनी काहीच टाकू देत नाही, त्यामुळं पीसीवरनं लॅपटॉपवर जाताना आपोआप जातं आणि परत पीसीवर येताना मॉनिटरच्या मागं हात घालून बटण चाचपावं लागतं. अजून एक, मॉनिटर लॅपटॉपवर असताना पीसीला वाटतं स्क्रीन अजून समोरच आहे, मग एखादी विंडो तिकडंच उघडते नि आपण शोधत बसतो. विंडोज आणि पी दाबून एकाच स्क्रीनवर आणायचं, की सापडते.

हेडफोन तेवढा अजून हातानंच काढून घालतोय, कारण स्विचचा चौथा पोर्ट वेबकॅमनं आणि तिसरा आईच्या मोबाईलच्या चार्जरनं अडवलाय.