टारकाइनमध्ये कूपाची सीमा मोजताना

टास्मानियाच्या वायव्य कोपऱ्यात टारकाइनचं थंड वर्षावन आहे. मूळ रहिवासी त्याला ताकायना म्हणतात. तिथे नुसतं फिरायचं असेल तर ज्युलियस नदीची किंवा ट्रोवुट्टा कमानीची छोटी वाट पुरते. मला तोडीला निघालेलं जंगल नोंदवायचं होतं, म्हणून सुरुवात नकाशापासून केली. सरकारी लाकूड कंपनी तीन वर्षांचा तोड-आराखडा प्रसिद्ध करते, त्यात प्रत्येक कूपाला, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्याला, क्रमांक असतो. (कूप हा शब्द आपल्या वनखात्यातलाच!) आत फोनला रेंज नसते, म्हणून क्रमांक आणि सीमा कागदावर उतरवून घेतल्या. पेट्रोल स्मिथटन गावातच भरलं.

गाडीतून उतरायच्या आधी बूट. चिखल ब्रशने पूर्ण खरवडायचा, मगच 70 टक्के मेथिलेटेड स्पिरिट फवारायचं. मातीच्या थरावर फवारलं तर औषध आत पोचत नाही. मुळं कुजवणारी फायटोफ्थोरा ही बुरशीसारखी कीड मातीतून पसरते. दाट छपराखालची जमीन तिला फार थंड पडते, पण झाडं तोडून ऊन आत आलं की तिचं फावतं.

वर्षावनातल्या झाडांची ओळख सोपी आहे. मर्टलचं पान बोटाच्या पेराएवढं, कडेला दाते; सॅसाफ्रासचं चुरगाळलं की मसाल्याचा वास. पण मान वर करून बघायला विसरू नका. खाली मर्टल आणि वर निलगिरीचे उंच बुंधे असतील तर ते मिश्र जंगल, आणि त्याची गणना निलगिरीच्या जंगलात होते. तोड बहुतेक अशाच ठिकाणी होते. नंतर आग लावून निलगिरीचं बी पेरतात. मर्टलचं बी फार लांब जात नाही, त्यामुळे ते परत यायच्या आत पुढची तोड येते.

आता मोजमाप. वनसंहितेप्रमाणे, म्हणजे टास्मानियाच्या तोडीच्या नियमांप्रमाणे, ओढ्याच्या वर्गानुसार दोन्ही काठांना 40, 30 किंवा 20 मीटर पट्टा न तोडता राखायचा असतो. सर्वांत लहान ओढ्याच्या 10 मीटरच्या आत यंत्र नेता येत नाही. माझी पहिली नोंद इथेच फुकट गेली. अंतर फोनच्या जीपीएसवरून काढलं होतं, आणि दाट झाडीत ते सहज 10 मीटर चुकतं. 20 मीटरच्या नियमाला असला पुरावा कोण मानणार? दुसऱ्या वेळी 50 मीटरची टेप नेली. तोड सुरू होण्यापूर्वी, प्रवेशबंदीचा फलक नसताना, काठापासून झाडांना बांधलेल्या सीमेच्या फितीपर्यंत ताणली आणि आकडा दिसेल असा फोटो काढला. बुंध्याचा घेर 1.3 मीटर उंचीवर घ्यायचा. झाडाला खिळा किंवा ओरखडा नको: मर्टल सुकवणारी बुरशी जखमेतून शिरते. यंत्रं चालू असलेल्या कूपात पाऊल टाकू नका, दंडही होतो आणि जीवही जातो.

तक्रार वन नियमन प्राधिकरणाकडे लेखी द्यायची. कूप क्रमांक, तारीख, ओढ्याचा वर्ग, मोजलेलं अंतर, संहितेतलं नेमकं कलम आणि मूळ फोटो. मेसेजिंग ॲपवरून पाठवलेल्या फोटोतून जागेची माहिती बहुधा गळून जाते.